किनाऱ्यापासून जहाजापर्यंत

फोनवरून काही पाठवलं की एक आडवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाते ना, ती काढण्याचा मला पगार मिळतो. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यासाठी इंजिनिअर झालीस?" बाहेरून बघणाऱ्याला पट्टी म्हणजे पट्टीच वाटते. ती कधी पुढं सरकवायची, कधी थांबवायची, थांबली तर खाली काय लिहायचं, यावरून आमच्या दादरच्या ऑफिसात जेवढी भांडणं होतात तेवढी आमच्या चाळीच्या नळावरही झाली नसतील.

आमचं ॲप जहाजावर काम करणाऱ्यांसाठी आहे. भर समुद्रात रेंज म्हणजे उपग्रहावरून जे काही ठिबकेल ते. घरच्यांनी पाठवलेला फोटो, मेसेज, व्हिडिओ आधी आमच्या सर्व्हरवर येऊन पडतो आणि तिथून जहाजाला झेपेल तसा तुकड्या-तुकड्यानं जातो. सगळं एकाच रांगेत. पुढच्याचं झाल्याशिवाय मागच्याचा नंबर लागत नाही. आणि आमच्या हितेंद्र सरांचं म्हणणं असं, की पट्टी कधीही थांबलेली दिसता कामा नये.

"पट्टी थांबली की कस्टमर घाबरतो, वैशाली. हलती ठेव."

"आत काहीच हलत नसलं तरी?"

"आत काय चाललंय ते त्याला कुठे कळतंय?"

म्हणून आमची पट्टी नव्वदीपर्यंत झरझर जायची, मग मुंगीच्या पावलांनी, आणि माल आमच्या सर्व्हरवर पोचला की पूर्ण भरायची. खाली हिरवी खूण आणि 'पाठवलं' हा शब्द. जहाजावर पोचलं की नाही याचा कुठं उल्लेखच नाही. पेटीत पत्र टाकलं आणि मिळालं म्हणून मोकळे झालो, असला प्रकार. मला त्याची चीड यायची, पण ती ऑफिसातली चीड होती. संध्याकाळी परळला घरी येताना ती दादरलाच राहायची.

माझा धाकटा भाऊ सम्यक मालवाहू जहाजावर फिटर आहे. त्याच्या जहाजावरही आमचंच ॲप. आणि त्याचं आणि आबांचं बोलणं तो नोकरीला लागला तेव्हापासून बंद होतं.

आबा म्हणजे आमचे वडील, रामजी. गिरणी होती तोवर गिरणीत, ती बंद पडल्यावर कुठंतरी वॉचमन, पण चाळीत त्यांना कुणी कधी कामगार म्हणून ओळखलं नाही, वॉचमन म्हणूनही नाही. शाहीर म्हणूनच ओळखलं. जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमाला, कुणाच्या लग्नात ते आपली पार्टी घेऊन जायचे. वडाळा, कॉटन ग्रीन, कुठंही. राजाराम काका ढोलकीला आणि मागे झील धरायला सम्यक. शाहीर ओळ म्हणतो आणि शेवटाला ती सोडून देतो, मागं उभा असलेला झीलकरी ती वरच्या वर उचलून पुन्हा म्हणतो, तेवढ्यात शाहिराला श्वास घ्यायला जागा मिळते. सम्यकनं एकदाही ओळ खाली पडू दिली नव्हती. आबांना त्याचा इतका गर्व होता की त्यांनी तो त्याला कधी बोलून दाखवला नाही.

मग सम्यकला जहाजावर नोकरी लागली आणि नेमकं जयंतीच्या आदल्या दिवशी बोलावणं आलं. थांबला असता तर जहाज गेलं असतं. आबा म्हणाले, "झील टाकून जातोस तर परत माझ्या गाण्यात येऊ नको." तो म्हणाला, "नाय येत." दोघं एकाच मातीचे, त्यामुळे दोघांनीही शब्द पाळला. त्यानंतर सम्यकचा फोन यायचा तो मला, नाहीतर आईला. आबा समोर पेपर धरून बसायचे. फोन चालू असेपर्यंत पेपराचं पान उलटायचं नाही.

यंदा आबांची छाती अगदीच गेली. कापसाची धूळ इतकी वर्षं आत बसून होती. हॉस्पिटलनं "आता घरीच ठेवा" असं सांगितलं, आणि त्याचा अर्थ आम्ही तिघांनीही एकमेकांना सांगितला नाही. ऑक्सिजनचं मशीन आलं. ते पलंगाशेजारी दिवसभर घरघरायचं. गाणं तर सोडाच, सलग बोलायलाही आबांना दम पुरेना. तिकडे सम्यकचं जहाज आफ्रिकेच्या खालून कुठंतरी चाललेलं, आणि त्यात जहाजाचा मोठा अँटेना बिघडलेला. बंदर लागेपर्यंत दुरुस्ती नाही. त्याचा फोन यायचा बंद झाला. आमच्या ॲपमधून ठिबकत होतं तेवढंच.

एका रविवारी दुपारी आबा म्हणाले, "राजारामला बोलव. ढोलकी घेऊन ये म्हणावं."

काका आले. आबांनी पांढरा सदरा मागून घेतला, आईकडून केस विंचरून घेतले आणि नाकातली नळी काढून बाजूला ठेवली. आई मशीनला हात लावून उभी राहिली.

"काय चाललंय आबा?"

"सम्यकला गाणं धाडायचंय. मुखडा केलाय नवा."

"म्हणजे माफी मागताय?" मी मुद्दाम डिवचलं.

"माफी कशाला मागू? झील मागतोय."

मी म्हटलं, नुसता आवाज पाठवू या. लहान असतो, पटकन जाईल. व्हिडिओ जड होतो, त्या जहाजाला तो झेपणार नाही. आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी विहारात चप्पल घालून शिरले होते.

"आवाज ऐकून झील उचलतात व्हय? हात बघून उचलतात. माझा हात खाली आला की त्यानं घ्यायची. हात दिसला नाय तर पोरगं चुकंल."

राजाराम काकांनी मान डोलावली. दोघांच्याही मनात शंका नव्हती. मी सॉफ्टवेअरमधली, मला काय कळणार. मग आईच्या फोनवर व्हिडिओच काढला. आबांची बोटं ओळखू येतील इतपत ठेवून बाकी जेवढा बारीक करता आला तेवढा केला.

भोंगा निजला, गिरणी निजली, जागी आमची चाळ रं
निळ्या दिव्याला तेल कुणाचं, सांग मला तू बाळ रं

एवढ्या दोन ओळींना त्यांना कितीदा थांबावं लागलं. पण शेवटचा 'बाळ रं' त्यांनी एका दमात म्हटला आणि उजवा हात हवेतून खाली आणला. मग गप्प. ढोलकी चालू. आबा मांडीवर बोटांनी ताल धरून बसले, एका झिलेला लागतो तेवढाच वेळ, आणि मग समाधानानं मान हलवली. मागं कुणीही उभं नव्हतं. मला तिथं रडू आलं, पण फोन हलला असता म्हणून आवरलं.

व्हिडिओ मीच पाठवायला लावला आणि आबांना धाप लागली म्हणून पाणी आणायला ओट्याशी गेले. फोन त्यांच्या हातात. पट्टी झरझर नव्वदीला, मग मुंगी, मग हिरवी खूण.

"गेलं?" आबांनी विचारलं.

"गेलं. पाठवलं असं आलंय," आईनं वाचून सांगितलं. मी वळून काही बोलेपर्यंत राजाराम काकांनी ढोलकीवर एक थाप मारून कार्यक्रम संपवला होता.

त्या दिवसापासून फोन आबांच्या उशाशी, तांब्याला टेकवून उभा. सुरुवातीला ते म्हणायचे, "ड्युटीवर असंल." मग म्हणायला लागले, "झोपला असंल." मग काहीच म्हणेनात. एका सकाळी त्यांनी आईला फोन उचलून कपाटात ठेवायला सांगितला.

"बघितलं त्यानं. त्याला झील द्यायची नाय. माझीच चूक, मीच बोललो होतो."

मी पलंगावर बसून समजावलं. गाणं अजून त्याच्यापर्यंत गेलेलंच नाही, ते आमच्या सर्व्हरवर आहे, तिथून हळूहळू जातंय, ती पट्टी अर्धीच गोष्ट सांगते.

"पट्टी भरलेली मी डोळ्यानं बघितली, वैशाली. बापाची समजूत काढू नको."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. जेवण तसंच राहिलं, दुसऱ्या दिवशीचंही. माणूस छातीनं जायला लागलाय हे आम्ही कसंबसं गिळलं होतं. आता तो मनानंही चालला होता, आणि तेही काय, तर पोरानं आपल्याला नाकारलं अशी समजूत करून घेऊन, एका हिरव्या खुणेवर विश्वास ठेवून. त्या खुणेचा मला इतका संताप आला की मी त्या सकाळी ऑफिसात पोचले ती थेट हितेंद्र सरांच्या टेबलापाशी.

"सर, जहाज जेवढे तुकडे घेतं तेवढ्यांची पोच आपल्या सर्व्हरला येते. आपल्याला माहीत असतं किती गेलं. ते दाखवायचंय."

"आणि दोन दिवस एकही तुकडा गेला नाही तर?"

"तर 'थांबलंय' असं लिहायचं. शेवटचा कधी गेला तेही लिहायचं."

"लोक शिव्या घालतील आपल्याला."

"आपल्यालाच घालू देत. आत्ता घरातल्या घरात एकमेकांना घालतायत."

मग मी त्यांना आबांचं सांगितलं. माणूस वाईट नाही. त्यांना थांबलेल्या पट्टीची भीती वाटते, एवढंच. बराच वेळ पेन टकटकवून ते म्हणाले, "टेस्टिंगमध्ये टाक. तुझ्या घरच्या फोनपुरतं. बाहेर सोडायचं नंतर बघू."

मी त्या दिवशी जेवायलाही उठले नाही. एका पट्टीच्या दोन केल्या. पहिली फोनपासून किनाऱ्यापर्यंत, दुसरी किनाऱ्यापासून जहाजापर्यंत. दुसरी तेव्हाच सरकणार जेव्हा जहाजाकडून पोच येईल, एरवी जागची हलणार नाही. 'अजून किती वेळ' हे काढूनच टाकलं. ते आधी तीन तास म्हणायचं, मग दोन दिवस, मग चाळीस मिनिटं. ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्यानं गप्प बसावं. त्याऐवजी लिहिलं, 'शेवटचा तुकडा पोचला: आज सकाळी'. पूर्ण गेलं की 'पोचलं', आणि तिकडच्या माणसानं ते उघडून बघितलं की 'उघडलं'. घरी येताच कपाटातून फोन काढला, नवीन ॲप टाकलं आणि आबांचा चष्मा शोधला.

"बघायचं नाय मला."

"बघा तरी."

पहिली पट्टी पूर्ण भरलेली. दुसरी नखाएवढी.

"हे काय?"

"हा आपला किनारा. हे सम्यकचं जहाज. गाणं इतकंच गेलंय."

आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"म्हणजे पोरानं ऐकलंच नाय अजून?"

"ऐकलंच नाही."

ते हसले. हसता हसता ठसका लागला, आई धावली, तरी हसू थांबेना. "सुंदरा, ऐकलंस का, त्याला मिळालंच नाय." ही बातमी त्यांनी आईला सांगितली, मग दारावरून जाणाऱ्या रमाबाईंना सांगितली, आणि मग दुधात भाकर कुस्करून मागितली. काम झालेलं नाही, ही बातमी ऐकून एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि तिथंच जरा वेळ उभी राहिले.

पुढचे दिवस बरे गेले म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. फोन पुन्हा तांब्याला टेकून उभा. 'थांबलंय' असं दिसलं की आबा "थांबलंय" म्हणून डोळे मिटायचे, आणि झोपही लागायची त्यांना. पट्टी सरकली की आईला हाक. हळूहळू सगळ्या मजल्याला ठाऊक झालं. येणारे-जाणारे दारातून विचारायचे, "शाहीर, कुठवर आलं?" आबा मान वर करून सांगायचे, "अर्ध्याच्या अलीकडं हाय." जणू सम्यक स्वतःच निघालाय आणि वाटेत कुठं पोचला त्याची चौकशी चाललीय.

त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र लावलेलं असायचं. त्यातला आकडा रोज थोडा उतरत होता. आबा फक्त पट्टी बघायचे. मला दोन्हीकडं बघावं लागायचं, आणि मनातल्या मनात मी जहाजावरच्या त्या अँटेनाला हात जोडायचे. आमच्या घरात देवाला हात जोडत नाहीत. पण अँटेनाला जोडायला काय हरकत आहे.

पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली त्या सकाळी आबा चहा प्याले, उशीला टेकून बसले, आईला म्हणाले, "जरा पाठ चोळ." ती पाठ चोळत असतानाच ते गेले. आईला कळलं, तरी ती थोडा वेळ तशीच चोळत राहिली.

घर भरलं. विहारातली माणसं आली. राजाराम काका दारातच खाली बसले आणि त्यांनी पहिलं तेच विचारलं, "सम्यकला कळवलं का?"

मी फोन घेतला. 'आबा गेले' एवढंच लिहिलं आणि पाठवलं. माझे दोन शब्द गेले आणि आबांच्या गाण्याच्या मागं रांगेत उभे राहिले. ॲपनं विचारलं, हे आधी पाठवायचं का, पुढचं रद्द होईल. रद्द होईल म्हणजे गाण्याचे गेलेले सगळे तुकडे जहाज टाकून देणार, आणि गाणं पुन्हा पहिल्या तुकड्यापासून निघणार. कुणीतरी म्हणालं, "त्याच्या कंपनीच्या ऑफिसला फोन लाव, ते कॅप्टनला कळवतील." तेही खरंच होतं. नंबर माझ्याकडं होता. मी आईपाशी जाऊन बसले आणि तिला दोन्ही सांगितलं.

आईनं आबांच्या सदऱ्याची गुंडी लावता लावता विचारलं, "गाणं कुठवर गेलंय?"

"अर्ध्याच्या पुढं."

"मग ऱ्हाऊ दे. गाणं जाऊ दे आधी."

राजाराम काका उठून आत आले. "वहिनी, असं कसं? पोराला न सांगता बापाला न्यायचं?"

"सांगून तो काय करंल भावजी? पाण्यावरून चालत येईल?" आईचा आवाज अगदी नेहमीचा होता. "ते गाणं जित्या माणसाचं हाय. जित्या माणसाचं म्हणूनच ऐकू द्या त्याला. एकदा कळलं की तो झील देणार नाय, नुसता रडंल. रडायला त्याला सगळं आयुष्य पडलंय."

मागं बायकांत कुजबुज झाली, आणि ती झालीच पाहिजे होती. कळवायचं नाही असं कोण ठरवतं? पण ज्या बाईला नवरा गेल्यावर दोन मिनिटांत इतका सरळ विचार करता येतो, तिच्यापुढं मी काय बोलणार. मी माझे दोन शब्द रांगेतून काढून घेतले. इतकं जड काही मी आजवर उचललेलं नाही.

त्रिशरण, पंचशील झालं. आबांना नेलं. मुलगा जवळ नव्हता म्हणून मी पुढं झाले, आणि कुणीही मला अडवलं नाही.

नंतरचे दिवस आई तांदूळ निवडता निवडता फोनकडं बघायची. दारातून आता कुणी काही विचारत नव्हतं. एकदा रमाबाईंनीच, आवाज खाली आणून विचारलं, "कुठवर आलं?" आईनं बोटानं दाखवलं. मला रात्रंदिवस एकच भीती होती, की बाहेरून कुणीतरी, कंपनीतलं, गावाकडचं, त्याला कळवेल. जहाजाचं काही बिघडेल आणि सगळं पहिल्यापासून निघेल. मी ऑफिसातून दर तासाला सर्व्हरवर बघायचे. हितेंद्र सरांनी एकदा मागून बघितलं आणि माझ्या टेबलावर चहा ठेवून गेले.

एका सकाळी मी घरातून निघण्याच्या बेतात असताना दुसरी पट्टी भरली. 'पोचलं.' मी चपला काढून परत बसले. दुपारी, त्याची पाळी सुटली असावी तेव्हा, शब्द बदलला. 'उघडलं.'

आईनं आणि मी एकमेकींकडं बघितलंही नाही. त्या घटकेला माझा भाऊ कुठल्याशा लोखंडी खोलीत बसून आबांना बघत होता. पांढरा सदरा, विंचरलेले केस, खाली येणारा हात. सगळ्या जगात त्या एकाच खोलीत माझे वडील जिवंत होते. मला सम्यकचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी आबांचा जलदान विधी ठरलेला होता. त्याच्या आत त्याला सांगायलाच हवं, असं आईनंच ठरवलं होतं. पण संध्याकाळच्या आत आमच्या फोनवर एक पट्टी उलट्या दिशेनं निघाली, जहाजाकडून किनाऱ्याकडं. ही झपझप सरकली. सम्यकनं नुसता आवाज पाठवला होता. बरोबरच आहे, झीलकऱ्याचा हात कुणाला बघायचा असतो.

मी राजाराम काकांना बोलावून आणलं. ऐकायचं कसं ते त्यांनीच सांगितलं. माझ्या फोनवर उतरवून घेतलेला आबांचा व्हिडिओ, आईच्या फोनवर सम्यकचा आवाज. काका व्हिडिओवर डोळा ठेवून बसले, बोट आईच्या फोनवर. आबा गायले, थांबले, गायले. 'बाळ रं'ला हात खाली आला आणि काकांनी बोट दाबलं.

तेल तुझं रं, वात तुझी रं, मी तर नुसता जाळ रं, जी जी

मागं इंजिनाची घरघर होती, तरी आवाज खणखणीत, पूर्वीसारखाच वर गेला. इकडे आबा मांडीवर बोटांनी ताल धरून ऐकत होते. झील संपली आणि त्यांनी समाधानानं मान हलवली, नेमकी त्याच ठिकाणी. काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आईनं पदर तोंडात धरला, पण तिचे डोळे आबांच्या मानेवरून हलले नाहीत.

आवाज पुढं चालूच होता. सम्यकला दम लागला होता, हसत होता.

"आबा, बरोबर उचलली ना? तुमचा हात अजून तसाच येतो. बारीक झालात पण. ताईला बोला नीट खायला घालायला. मी रागावलो नव्हतो ओ, तुम्हीच बोलत नव्हता म्हणून मी पण नाय बोललो. बंदर लागलं की निघतोच. तोवर पुढचं कडवं पाठवा. वाट बघतो."

काका उठून बाहेर गॅलरीत गेले. आईनं फोन उचलला, पदरानं काच पुसली आणि माझ्याकडं दिला.

"आता सांग."

मी लिहिलं, 'आबा गेले.' आणखी काहीतरी लिहायला हवं होतं, कधी, कसे, तुझं नाव घेत होते, काहीतरी. एवढं सगळं सुचलं आणि त्यातलं काहीच लिहिता आलं नाही. मी पाठवलं.

जे क्षणात जातं त्याला आम्ही पट्टी दाखवत नाही. दाखवली तर ती नुसती लुकलुकते आणि माणूस गोंधळतो. हा नियम माझाच, हितेंद्र सरांशी भांडून घातलेला, आणि तो बरोबरच आहे. त्या दिवशी मात्र मला वाटलं, असावी एखादी, जरा रेंगाळणारी. रांगेत पुढं आता काहीच नव्हतं. बोट उचलायच्या आत खाली शब्द आला, 'पोचलं'.

"गेलं?" आईनं विचारलं.

"पोचलं."

"एवढ्यात?" ती फोनकडं बघत राहिली. इतके दिवस ती त्या पट्टीला तासन्‌तास बघत आली होती. "गाण्याला इतकं लागलं, आणि हे कसं लगेच पोचलं?"

"लहान होतं, आई."

ती आणखी काही विचारणार होती, पण तेवढ्यात 'पोचलं'च्या जागी 'उघडलं' आलं, आणि आम्ही दोघी त्या शब्दाकडं बघत बसलो.